हयातीचा दाखला आणि बर्फाची लादी

बर्फाची लादी बाजारात विकत मिळते हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. पण विकतच्या लादीवर प्रयोग करायचा म्हणजे शेजाऱ्याच्या पोराचे मार्क आपल्या पोराचे म्हणून सांगायचे, असं त्यांचं मत होतं. विकतचा बर्फ गढूळ असतो, त्यात भुसा असतो, नशीब जोरावर असेल तर माशीही असते. मास्तरांना आरपार दिसणारा बर्फ हवा होता. आणि मास्तरांना एकदा काही हवं झालं की घरातल्या बाकीच्यांनी आपापली कामं आधी आवरून घ्यावीत हे बरं, कारण पुढचे काही दिवस कुणाचंच काही धड होत नाही.

झालं होतं असं, की शाळेची तपासणी ठरली होती. खात्याचे साहेब येणार, वर्गात बसणार, एकेका विषयाचा एकेक प्रयोग बघणार. मुख्याध्यापिका बाईंनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "साधं काहीतरी करा. मेणबत्ती पेटवा, विझवा. साहेबांना घाई असते." मास्तर दुखावले. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला मेणबत्ती विझवायला सांगायची, मग फुंकर मारणारा कुणीही चालला असता की. त्यांनी घरी येऊन चप्पल काढता काढताच जाहीर केलं, "पुनर्हिमायन दाखवणार."

"दाखवा," बायको म्हणाली. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांचं ऐकून घ्यायची सवय असल्याने घरी आल्यावर ती ऐकल्यासारखं करायची.

हा प्रयोग तसा देखणा आहे. लादी दोन स्टुलांवर आडवी ठेवायची, तिच्यावरून बारीक तार टाकायची आणि तारेच्या दोन्ही टोकांना वजनं लटकवायची. तारेच्या दाबाने खालचा बर्फ वितळतो, तार खाली सरकते, वर राहिलेलं पाणी पुन्हा गोठतं. शेवटी तार लादीतून आरपार जाऊन खाली पडते आणि लादी मात्र होती तशी अखंड. मास्तर याचं कारण सांगताना भावुक होत. "रेणू म्हणजे माणसंच हो," ते म्हणत. "बर्फात सगळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. पाणी झालं की एकाचा सोडायचा, दुसऱ्याचा धरायचा. वाफ झाली की कोण कुणाचा." हे वाक्य त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेल्या सगळ्या पिढ्यांना पाठ होतं. बायकोलाही होतं, फक्त ती ते भांडी घासताना ऐकायची.

आरपार बर्फासाठी पाणी दोनदा उकळावं लागतं. म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते. लादीसाठी मास्तरांनी पत्र्याचा तेलाचा डबा वरून कापून घेतला, त्यात स्वतःचा अंगठाही थोडा कापून घेतला. घरच्या फ्रीजमध्ये तो डबा जाईना. मग कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याला गाठलं. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी, दोनदा नापास केलेला. त्याने मन मोठं करून मोठ्या फ्रीझरमध्ये एक कोपरा रिकामा करून दिला. पहिल्या दिवशी उकळलेलं पाणी कमी पडलं आणि डबा अर्धाच भरला. अर्धी लादी गोठली, उरलेली दुसऱ्या दिवशी दुपारी भरायची ठरली. सगळा घोळ या अर्ध्या लादीने केला.

इथे मास्तरांच्या आईबद्दल सांगायला हवं.

आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. ज्या काळी गावाबाहेर फोन लावायचा तर मधे एक बाई लागायची, त्या काळातली ती मधली बाई. तिचा आवाज आणि तिचे उच्चार यांवर लोक लट्टू असत असं ती स्वतः सांगायची, आणि खोटं सांगायची नाही. निवृत्तीनंतर तिला स्वतःची पेन्शन होती. मोठी नव्हती, पण तिची होती. चष्मा बदलायचा असो, नातीला खाऊ असो की मैत्रिणीकडे रिक्षाने जायचं असो, आईने मुलापुढे आजवर हात पसरला नव्हता. "माझं मी बघते," हे तिचं आवडतं वाक्य होतं, आणि ते म्हणण्याची ऐपत तिला पेन्शन देत होती.

आईला वरची-खालची कवळी होती. दुपारी झोपताना ती कवळी काढून स्टीलच्या मगात पाण्यात ठेवायची. आता हे पाणी नळाचं असावं की उकळलेलं? या प्रश्नावर मास्तरांनी मागेच एक छोटं व्याख्यान देऊन निकाल लावला होता: उकळून गार केलेलं. त्यामुळे आईचा मग गॅसच्या ओट्यावर, उकळलेल्या पाण्याच्या भांड्यांशेजारी असायचा. त्यांच्या घरी पाणी सकाळी एकदाच यायचं, म्हणून पातेली, तांबे, डबे, मग, जे पोकळ असेल ते भरून झाकून ठेवायची रीत होती. कुठल्या झाकणाखाली काय आहे हे फक्त बायकोला माहीत असायचं, आणि त्या दुपारी ती दवाखान्यात होती.

मास्तरांनी मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं. वाफ भसकन चष्म्यावर आली. वाफेचं पाणी होणं याला संघनन म्हणतात हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती, पण चष्मा पुसायची होती. त्यांनी तो पुसला नाही. घाईत, धुक्यातून वाट काढल्यागत, ओट्यावरचं गार झालेलं सगळं पाणी त्यांनी झाकणाच्या बादलीत ओतलं. हे पातेलं, तो तांब्या, तो मग.

चाणाक्ष माणसाच्या लक्षात आलंच असेल. मास्तरांच्या नाही आलं.

आइस्क्रीमच्या दुकानात फ्रीझरचं झाकण उघडल्यावर पांढरं धुकं वर आलं. त्या धुक्यात मास्तरांनी बादली उपडी केली. आतून टुप् असा आवाज आला.

"सर, काय पडलं?" आइस्क्रीमवाला म्हणाला.

"अर्ध्या लादीला तडा गेला असेल. तापमानातला फरक," मास्तर म्हणाले. शास्त्र येणाऱ्या माणसाचं असं असतं, त्याच्याकडे प्रत्येक आवाजाला कारण तयार असतं.

आई उठली तेव्हा मग रिकामा होता.

पुढचा प्रकार घरातल्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. आई बोलेचना. कवळीशिवाय उच्चार फसफसतात, आणि फसफसलेला उच्चार ऐकवण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असा तिचा बाणा. तिने तोंडावर रुमाल धरला आणि दुसऱ्या हातात चमचा घेतला. वाटीवर एकदा चमचा वाजवला की हो. दोनदा वाजवला की नाही. तीनदा वाजवला की समोरचा माणूस मूर्ख आहे. पहिल्या संध्याकाळी वाटी बहुतेक वेळा तीनदाच वाजली.

खरं सांगायचं तर मास्तरांना आत कुठेतरी थोडं बरं वाटलं. घरात इतकी शांतता त्यांनी लग्नाआधीपासून अनुभवली नव्हती. मग त्या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटली आणि ते जरा जास्तच जोमाने कवळी शोधायला लागले.

शोधायला अनुभवी आले. अनुभवी म्हणजे शेजारचे गृहस्थ. जगात जे काही होऊ शकतं ते सगळं त्यांच्या नात्यात आधीच होऊन गेलेलं असायचं, म्हणून हे नाव. "कावळा," त्यांनी दारातूनच निदान केलं. "माझ्या मेव्हण्याची कवळी अशीच खिडकीतून गेली. कावळ्यांना चकाकतं आवडतं."

"कवळी चकाकत नाही," मास्तर म्हणाले.

"तुमच्या आईंची चकाकते. मी पाहिलीय. निगा आहे."

यावर आईने वाटी एकदा वाजवली. मास्तर मागच्या घराच्या पत्र्यावर चढले, कारण घरटं त्यावरच्या फांदीत होतं. घरट्यात दोन अंडी आणि एक बाटलीचं झाकण होतं. पत्र्याखाली त्या घरच्या वहिनी होत्या, आणि त्यांना वाटलं चोर आहे. दिवसाढवळ्या, चष्मा लावलेला, शाळेचं ओळखपत्र गळ्यात घातलेला चोर. त्यांनी शिडी काढून घेतली आणि नवरा येईपर्यंत परत लावली नाही. मास्तरांनी वरूनच त्यांच्या मुलाच्या प्रगतीबद्दल चार बरे शब्द बोलून पाहिले, पण मुलगा दुसऱ्याच शाळेत होता.

मग प्लंबर आला. कवळी मोरीत गेली असणार, असं अनुभवींचं दुसरं निदान. प्लंबरने जाळी उचकटून पाइप उघडला आणि आतून एक कंगवा, दोन चमचे आणि मास्तरांनी मागल्या वर्षी कामवाल्या बाईंनी नेलं असं सांगितलेलं पेनाचं टोपण काढलं. त्या बाई तेव्हा तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी टोपण उचलून मास्तरांच्या हातात दिलं आणि पुन्हा पुसायला लागल्या. कवळी सापडली नाही, आणि पाइप पुन्हा बसवल्यापासून मोरीतलं पाणी उलटं वर यायला लागलं.

दातांचे डॉक्टर म्हणाले, नवी कवळी करू, पण मापं, साचा, बसवणं यात पंधरवडा जाईल. "आणि जुनी सापडली तर गरम पाण्यात घालू नका. वाकडी होते. आपटूही नका." ती सापडली नव्हतीच, तरी मास्तरांनी मान डोलावली.

पंधरवड्याने कुणाचं काही बिघडलं नसतं, पण पेन्शनच्या कचेरीने बिघडवलं. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा तिथे जाऊन आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं. त्याची मुदत संपायला दोनच दिवस होते. आई मुदतीच्या अगदी शेवटी जायची, तेव्हा रांग कमी असते असा तिचा अभ्यास होता. दुसऱ्या दिवशी मास्तर तिला घेऊन गेले.

पूर्वी तिथे कारकून माणसाकडे बघून ठरवायचा. आता यंत्र बघत होतं. खिडकीतल्या बाईंनी आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं, रुमाल बाजूला करायला सांगितलं. यंत्राने बराच विचार केला आणि पडद्यावर लाल अक्षरं आणली: चेहरा जुळत नाही.

"यांना घेऊन या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"याच आहेत," मास्तर म्हणाले.

"यंत्र नाही म्हणतंय."

"अहो, कवळी नाहीये. गाल आत गेलेत."

"मग चेहऱ्यातल्या बदलाचा अर्ज करा. डॉक्टरांचं पत्र जोडा. पत्रावर फोटो हवा."

"फोटो लावतो."

"फोटो यंत्राशी जुळला पाहिजे."

असा पूर्ण गोल युक्तिवाद मास्तरांनी भूमितीतही पाहिला नव्हता. "आणि उद्यापर्यंत नाही झालं तर?"

"तर पेन्शन थांबते. मग मृत नसल्याचं सिद्ध करायचं. त्याला वेळ लागतो, पण होतं. गेल्या वर्षी एका आजोबांचं झालं." बाईंनी जरा आठवून पाहिलं. "म्हणजे, व्हायला आलं होतं."

अनुभवींनी फोनवर सल्ला दिला की गालात कापूस भरा. मास्तरांनी समोरच्या दुकानातून कापूस आणला. आईने मास्तरांकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिने कापूस भरू दिला. यंत्र म्हणालं: चेहरा आढळला नाही. म्हणजे आधी निदान दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा होता, आता तोही गेला.

रिक्षात आईकडे वाटी नव्हती. तिने बाहेर बघत रुमालाच्या टोकाने हळूच डोळे पुसले. मास्तरांनी ते पाहिलं. आईला रडताना त्यांनी फार वेळा पाहिलेलं नव्हतं. "आई, अगं, पेन्शन थांबली तरी मी आहे ना," ते म्हणाले. तिने रिक्षाच्या दांडीवर अंगठी दोनदा वाजवली. नाही. तेच तर तिला नको होतं.

तपासणी आणि मुदतीचा शेवटचा दिवस एकाच तारखेला आले. मास्तर म्हणाले, मी रजा घेतो. बायको म्हणाली, "तुम्ही प्रयोग उरका. सासूबाईंना घेऊन मी जाते. खिडकीच्या पलीकडे कोण बसतं आणि त्याला काय विचारलं की ते वैतागतं, हे मला तुमच्यापेक्षा कळतं." आईने वाटी एकदा वाजवली.

लादी हातगाडीवरून शाळेत आली. कडेने खरोखर आरपार होती. मधे मात्र, दोन दिवसांच्या पाण्याचा सांधा होता तिथे, पांढरट ढग दिसत होता. मास्तरांना तेवढं खटकलं, पण वेळ नव्हता. दोन स्टुलं, त्यांवर लादी, लादीवर तार, तारेला वजनं. साहेब पहिल्या बाकावर बसले. मुख्याध्यापिका बाई पर्समधली मेणबत्ती चाचपत दाराशी उभ्या राहिल्या.

"रेणू म्हणजे माणसंच," मास्तरांनी सुरुवात केली. मुलांनी ओठ हलवत साथ दिली. तार बर्फात शिरली. वर पुन्हा बर्फ धरला. साहेबांनी घड्याळाकडे बघायचं थांबवलं, पुढे वाकले, तारेच्या वर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा." इतक्या वर्षांच्या नोकरीत मास्तरांना खात्याकडून मिळालेली ही पहिली दाद. ते आणखी रंगून सांगायला लागले: बर्फाला उष्णता दिली तरी वितळून होईपर्यंत तापमान तसूभर चढत नाही, मग ती उष्णता जाते कुठे? तर ती धरलेले हात सोडवण्यात जाते. दिसत नाही, पण जाते. म्हणून तिला अप्रकट म्हणायचं.

आणि तार थांबली.

मास्तरांनी वजन वाढवलं. तार थांबलेलीच. आणखी वाढवलं. स्टूल कुरकुरलं, तार हलेना. "तार अडकत नसते," मास्तर साहेबांना म्हणाले, "या प्रयोगात अडकण्यासारखं काही नसतं."

साहेबांनी चष्मा काढून लादीला जवळजवळ नाक लावलं. वरचा बर्फ एव्हाना हाताळून हाताळून स्वच्छ झाला होता आणि मधला ढग विरळ दिसत होता. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या बर्फाने तार दातात धरलीय."

वर्ग उठून पुढे आला. लादीच्या मधोमध, नीट वर-खाली जुळलेली, निगा राखलेली, चकाकणारी कवळी होती. तार बरोबर पुढच्या दोन दातांच्या फटीत बसली होती. मागून कुणीतरी विचारलं, "सर, हा कोणता रेणू?"

मास्तरांना त्या क्षणी वाफ होऊन जावंसं वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला आणि लाज मागे पडली. आई आत्ता त्या कचेरीत बसली असेल, रुमाल धरून. खिडकी दुपारी बंद होणार. "साहेब, माझ्या आईचे दात आहेत," ते म्हणाले, "आणि ती हयात ठरायची आहे." वाक्य कुणालाच कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून सगळ्यांना घाई कळली.

शाळेचा शिपाई हातोडी घेऊन आला. कडा फोडत फोडत त्याने लादी नारळाएवढी केली आणि आणखी एक घाव घालणार तोच मास्तर आडवे आले. "आपटायची नाही." मुख्याध्यापिका बाईंनी मेणबत्ती पुढे केली. "तापवायचीही नाही." साहेब म्हणाले, "मीठ?" मीठ शाळेत नव्हतं. प्रयोगशाळेच्या कपाटात असायला हवं होतं, आणि ते का नाही हे साहेब विचारतील या भीतीने बाईंनी मास्तरांना तो गोळा तसाच देऊन दाराबाहेर काढलं. शिपायाने मदत म्हणून गोळा गोणपाटात घट्ट गुंडाळून दिला. गोणपाटाने बर्फ टिकतो, वितळत नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा रिक्षा अर्ध्या वाटेवर होती. त्यांनी गोणपाट भिरकावून दिलं आणि गोळा दोन्ही हातांत धरला. मग शर्टाच्या आत घातला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि मीटर न बघता वेग वाढवला.

कचेरीत बायको खिडकीशी उभी होती. ती वाद घालत नव्हती. ती खिडकीतल्या बाईंना त्यांच्या गुडघ्याचं विचारत होती, आणि त्या पहिल्यांदाच दिवसभरात स्वतःबद्दल बोलत होत्या, त्यामुळे खिडकी अजून उघडी होती. बाकावर आई होती. भिजलेला, कुडकुडणारा, पोट पुढे आलेला मुलगा आत शिरताना पाहून तिने रुमाल खाली घेतला. मास्तरांनी शर्टातून गोळा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आईने आत पाहिलं. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. शेवटी आपला मग कोण रिकामा करू शकतं, याचा विचार तिने दोन दिवस केलाच होता.

"नळाखाली धरा," बायको म्हणाली. कचेरीचा नळ कोरडा होता. त्यावर 'पाणी जपून वापरा' अशी पाटी होती.

"मी खिडकी फार वेळ नाही ठेवू शकत," आतल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कालचा रुक्षपणा नव्हता, पण भिंतीवरचं घड्याळ होतं.

आईने दोन्ही हात बर्फावर ठेवले. मास्तरांनी आपले ठेवले, पण ते एव्हाना इतके गार पडले होते की त्यांच्याकडून बर्फाला काही मिळण्यासारखं नव्हतं. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा उठले. "सरक," ते मास्तरांना म्हणाले आणि त्यांनी आपले हात लावले. त्यांच्यामागून एक काठीवाल्या आजी आल्या. मग रांगेतले आणखी. एकाचे हात गारठले की तो बाजूला होऊन काखेत धरायचा आणि दुसरा पुढे यायचा. सल्लेही येत होते: फिरवा, फुंकर मारा, माझ्या सुनेला बोलवा तिचा हात फार गरम आहे. ज्यांना यंत्र हयात आहात का म्हणून विचारत होतं, त्या सगळ्यांच्या हातांत चांगली ऊब होती. फरशीवर पाणी साचत गेलं. ही उष्णता जाते कुठे, हे आज मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही.

कवळी सुटली. आईने ती रुमालाने पुसली, पाठ फिरवली, बसवली. गारव्याने तिच्या अंगावर शहारा आला तो सगळ्यांनी पाहिला. ती कॅमेऱ्यासमोर ताठ बसली. यंत्राने विचार केला. पडदा हिरवा झाला, आणि कचेरीत कुणीतरी टाळी वाजवली.

"नियमाप्रमाणे तोंडी सांगावं लागतं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "मी हयात आहे, असं म्हणा."

आईने घसा साफ केला. दोन दिवस साठलेला, स्वच्छ, टेलिफोनच्या तारेवरून शहराशहरांत गेलेला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मी हयात आहे," ती म्हणाली. मग मास्तरांकडे बोट केलं. "आणि याने मला शास्त्र शिकवूनही हयात आहे, हेही लिहून घ्या."

परतताना रिक्षात बायको पुढे तोंड करून हसू दाबत बसली होती. आईने मास्तरांचे बधिर झालेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि चोळायला लागली, लहानपणी चोळायची तशी, जरा जास्तच जोरात. मास्तरांना खूप काही म्हणायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. तू दोन दिवस बोलली नाहीस तर घर घरासारखं नव्हतं, हेही म्हणायचं होतं. पण सवय ती सवय.

"आई," ते म्हणाले, "त्यात काय झालं माहितीय का? मधल्या थरात हवेचे बुडबुडे अडकले म्हणून मला ती दिसली नाही. नाहीतर..."

कवळी तोंडात होती. बोलता येत होतं. तरी आईने त्यांचा एक हात तेवढ्यापुरता सोडला, रिक्षाच्या दांडीवर अंगठी तीनदा वाजवली, आणि हात पुन्हा धरला.